उत्तमचा नेम

उत्तमने कॉम्प्युटरच्या दोन-तीन कळा दाबल्या आणि पडद्यावरचं गुलाबी दातेरी चक्र पिवळंधमक झालं. "हे पाह्य," तो म्हणाला, "याले म्हनते कलर. तुह्या त्या कार्डावर जनमभर असं दिसनार नाही." मग मान तिरपी करून त्या पिवळ्याकडे तो जरा वेळ बघत राहिला आणि एकाएकी हसला. "अगदी असाच सदरा होता बे त्याचा."

"कोनाचा?" हेमंतने विचारलं. त्याचं लक्ष हातातल्या स्टॉपवॉचकडे होतं.

"गोटमारीतल्या पोट्ट्याचा. सांगतलं नाही का तुले कधी? दहा वर्सं झाली असन. तुमच्या पांढुर्ण्याचा एक पोट्टा कुऱ्हाड घेऊन झाडावर चढला. पिवळा सदरा. झेंड्याले हात घालते न घालते, तेवढ्यात मी गोटा सोडला. हातातून सुटतानीच समजलं मले, हा लागते म्हनून. गोटा हवेत असतानीच समजते ते. बराबर इथं." उत्तमने आपल्या डाव्या भुवईखाली बोट टेकवलं. "पोट्टा धाडकन पान्यात."

"मंग?"

"मंग काय? झेंडा वाचला. मले खांद्यावर घेऊन नाचले लोकं सावरगावात."

"त्या पोट्ट्याचं काय झालं?"

"वाचला असन. वाचतेच बहुतेक." उत्तम पुन्हा कीबोर्डकडे वळला. "चाल, टायमिंग घे. पयले माह्यं कार्ड."

हेमंतने स्टॉपवॉचचं बटण दाबलं. चक्र पुसलं गेलं आणि एकेक रेघ करत पुन्हा उमटू लागलं. ते पुरं झालं तेव्हा बटण परत दाबायचं असतं हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही. काटा फिरत राहिला. त्याच्या डाव्या डोळ्यापुढे दहा वर्षं जो दुधाळ पडदा होता तो तसाच होता, पण त्याच्या मागे कुणीतरी ठोके देऊ लागलं होतं. तो सदरा त्याच्या आईने पोळ्यासाठी शिवून घेतला होता. टेरिकॉटचा. लिंबासारखा पिवळा. पाण्यातून त्याला बाहेर काढलं तेव्हा तो सदरा कसा दिसत होता हे त्याला माहीत नव्हतं, कारण तेव्हा त्याला काहीच दिसत नव्हतं. फक्त कुणीतरी मोठ्याने म्हणत होतं, डोया गेला याचा, डोया गेला. ते ऐकून आपल्याला त्या पोराची कीव आली होती, एवढंच त्याला आठवत होतं.

खाली सौंसरच्या बसस्टँडच्या रस्त्यावर पोळ्याचे बैल निघाले होते. सायकलच्या दुकानावरच्या या खोलीत दोघांनी मिळून कॉम्प्युटर सेंटर काढलं त्याला दुसरं वर्ष चालू होतं. हेमंत पांढुर्ण्याचा, उत्तम नदीपलीकडच्या सावरगावचा. ओळख झाली ती मात्र नागपूरला, कॉम्प्युटरच्या कोर्सात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरची माणसं दिवसभर एकमेकांना दगडांनी मारतात. पांढुर्णेवाल्यांनी झाड तोडून झेंडा न्यायचा, सावरगाववाल्यांनी नेऊ द्यायचा नाही. दोघंही हे पाहत लहानाचे मोठे झालेले. पण नागपूरच्या मुलांत त्यावर बोलायचं टाळायचे, गावंढळ दिसू नये म्हणून. डोळ्याचं कुणी विचारलंच तर हेमंत सांगायचा, लहानपणी विटीदांडूची गिल्ली लागली. ते त्याला वडिलांनी शिकवलं होतं. मास्तरचा पोरगा गोटमारीत झाडावर चढला होता हे लोकांना कळलं तर मी वर्गात तोंड कसं दाखवू, असं ते दवाखान्यातल्या खाटेशी उभं राहून म्हणाले होते. मग नागपूरला मामाकडे राहून त्याने पुढचं शिक्षण केलं आणि ती गिल्ली त्याच्यासाठीही हळूहळू खरी होत गेली. उत्तमलाही त्याने गिल्लीच सांगितली होती.

"किती?" उत्तमने विचारलं.

"काय?"

"टाइम, टाइम. कुठं हाय तू?"

"पुन्हा घे," हेमंत म्हणाला. आपला आवाज नेहमीसारखा निघाला याचं त्याला नवल वाटलं.

बोरगावजवळ भगवंतरावांचा कारखाना होता. कापसाच्या जिनिंगची यंत्रं तिथे दुरुस्त होत, त्यांचे सुटे भागही बनत. भागांची ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर करायची असं भगवंतरावांनी मनात घेतलं होतं आणि मशीन कोणतं, त्यात चित्र दाखवणारं कार्ड कोणतं, हे ठरवायचं काम या दोघांकडे आलं होतं. नागपूरच्या व्यापाऱ्याने दोन्ही कार्डं तपासायला पाठवली होती. टेबलावर शेजारीशेजारी दोन सारखीच मशीनं. एकात हर्क्युलस, एकाच रंगाचं, पण सातशेवीस आडवे आणि तीनशे अठ्ठेचाळीस उभे ठिपके देणारं. दुसऱ्यात सीजीए, म्हणजे रंगीत, पण चार रंग हवे असतील तर ठिपके तीनशेवीस बाय दोनशेच. एकाची मेमरी चौसष्ट के, दुसऱ्याची सोळा. आठवडाभर दोघं यावरून भांडत होते. उत्तम म्हणायचा, गिऱ्हाईक रंग पाहते. हेमंत म्हणायचा, गिऱ्हाईक कारखानदार आहे, त्याला रेघ पाहिजे. त्या भांडणात मजा होती. चहा थंड व्हायचा. सकाळपर्यंत उत्तम हा हेमंतचा एकुलता एक मित्र होता.

त्याने रंगीत पडद्यावरच्या चक्राकडे चेहरा नेला. एका डोळ्याने पाहताना त्याला मान थोडी डावीकडे वळवावी लागे. दोन दातांमधली फट रंगीत कार्डावर बुजून जात होती. दोन दाते मिळून एक जाड, पायऱ्यापायऱ्यांचा ठोकळा झाला होता. शेजारच्या पडद्यावर तेच चक्र पिंगट रंगात, बारीक, प्रत्येक दाता सुटा. रंगीतवर चित्र लवकर येत होतं, हे खरं. भरायचे ठिपकेच कमी होते. हे सगळं तो कागदावर लिहीत होता आणि त्याच वेळी उत्तमच्या हाताकडे बघत होता. उजवा हात. मनगटावर काळा दोरा, अंगठ्याच्या नखाला तंबाखूच्या चुन्याचा पांढरा डाग. याच हाताने दोन वर्षं त्याच्या डब्यातली भाकरी मोडून घेतली होती. हेमंतची बायको वंदना बाळंतपणात अत्यवस्थ झाली तेव्हा याच हाताने राजदूत फटफटी हाकून नागपूरहून रक्ताची बाटली आणली होती. हेमंतने ते आठवून पाहिलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. इतकी वर्षं त्याला कुणाचा राग आला नव्हता, कारण गोटमारीतला गोटा कुणाचा नसतो. हजार माणसं मारत असतात, एक कुणालातरी लागतो. देवीचा आजार यावा तसं ते येतं आणि माणूस ते घेऊन जगतो. आता त्या गोट्याला माणूस होता. त्याला मिशा होत्या, तो तोंडाने शीळ घालत होता. आणि त्याला ते हवेतच समजलं होतं.

रंगीत मॉनिटरचं चित्र मधूनच वर सरकायला लागलं. उत्तमने शिव्या घातल्या, मॉनिटर फिरवला आणि पाठीमागचं झाकण काढलं. "आतला स्क्रू फिरवा लागते. भगवंतराव येऊन राहिले पाच वाजता आन् हे नाचून राहिलं." स्क्रूड्रायव्हर दातात धरून त्याने आत वाकून पाहिलं. पडद्यामागच्या काचेच्या नळीच्या फुगीर भागाला जाड लाल वायर होती. तिच्यात हजारो व्होल्ट असतात, हे दोघं मुलांना पहिल्याच दिवशी शिकवायचे. "प्लग काढला ना?" उत्तमने आतूनच विचारलं.

प्लग भिंतीत होता. बटण खाली होतं. हेमंत ते बघत होता. त्याच्या बुटापासून हातभरावर. उत्तमचा हात आत चालला होता, चुन्याचा डाग असलेला अंगठा पुढे. हेमंतला तो माणूस मागे फेकला गेलेला दिसला, डोकं खिडकीच्या गजावर आपटलेलं, दातातला स्क्रूड्रायव्हर गालातून बाहेर आलेला. इतकं स्वच्छ दिसलं, एकेक रेघ सुटी. आणि त्याला ते आवडलं. कुणाला कळलं असतं? त्याने फक्त 'हो' म्हणायचं होतं. एवढंसं अक्षर.

"अबे, काढला का?"

"थांब!" हेमंत ओरडला. स्वतःलाच दचकवेल एवढ्या मोठ्याने. "चालू आहे."

उत्तमने हात झटक्याने बाहेर काढला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मारलं असतं ना बे मले!" आणि मग तो हसायला लागला, हेमंतच्या पाठीवर थाप मारत. थाप जिथे पडली तिथली कातडी सोलून काढावी असं हेमंतला वाटलं.

भगवंतराव आले ते कपाळाला पोळ्याचं कुंकू लावूनच. साठीचे, धिप्पाड, खुर्चीत मावत नव्हते. उत्तमने रंगीत पडदा दाखवायला सुरुवात केली. लाल चक्र, हिरवा दांडा, पिवळे बोल्ट. भगवंतराव खूश होऊन मान हलवत होते. तेवढ्यात हेमंत पुढे आला. एरवी तो उत्तमला बोलू द्यायचा. "भगवंतरावजी, हे खेळणं आहे," तो म्हणाला. "हे दाते मोजून दाखवा मला. मोजा ना. नाही मोजता येत. याच्यावर काढलेलं ड्रॉइंग तुमच्या कारागिराच्या हाती दिलं तर मशीन पहिल्या दिवशी दाते खाईल. ह्याला ते समजत नाही. रंग दाखवला की लोक नाचतात एवढंच ह्याला माहीत. अक्कल कमी, हौस जास्त." तो थांबत नव्हता. उत्तमला कोर्सात किती मार्क होते, त्याने कुठला प्रोग्राम कुणाचा पाहून उतरवला होता, तेही त्याने सांगितलं. भगवंतराव अवघडून छताकडे पाहू लागले. उत्तमचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. हेमंत जे म्हणत होता त्यातलं कार्डाबद्दलचं सगळं खरं होतं.

"बरं मंग, एका रंगाचंच घेऊ," भगवंतराव उठत म्हणाले. "पन हेमंतराव, सनासुदीचं असं बोलू नये जी मानसाले."

परतीला फटफटीवर हेमंत नेहमीप्रमाणे मागे बसला. संत्र्यांच्या बागा दोन्ही बाजूंनी मागे जात होत्या. शिंगांना रंग लावलेले बैल घरोघरी परतत होते. उत्तमची मान हेमंतच्या समोर होती. केस नुकतेच कापलेले, मानेवर उस्तऱ्याची लालसर रेघ. समोरून येणारे ट्रक तो मोजत होता. डाव्या बाजूचं हेमंतला काही दिसत नसे, तिकडून फक्त वारा यायचा. हॅण्डलला एक हिसका दिला की संपलं, बस. दोघंही. त्याने ट्रक मोजायचं सोडून दिलं. पांढुर्ण्याच्या नाक्यावर त्याला उतरवताना उत्तमने खाली पाहतच विचारलं, "काही चुकलं का माह्यं?" हेमंत रस्त्याच्या कडेला सरकला. उत्तम म्हणाला, "जाऊ दे. सन हाय," आणि फटफटी नदीकडे वळवून निघून गेला.

सकाळी हेमंत चहा प्यायला आणि चप्पल घालू लागला तेव्हा वंदना दारात आली.

"कुठं चालले?"

"नदीवर."

लग्नाच्या आधी त्याने जिला गिल्ली न सांगता खरं सांगितलं होतं अशी ती एकटीच होती. "उरलेला एक डोया कोनाले द्याले चालले?" ती म्हणाली. त्याने तिचा हात दारावरून काढला. तिने परत ठेवला. त्याने तो पिरगाळून काढला. तिच्या बांगड्या वाजल्या, एक फुटली. दोघांनीही त्या काचेकडे पाहिलं. मग तो गेला.

दहा वर्षांत काठ बदलला नव्हता. ढोल वाजत होते, गाड्या भरून आणलेल्या गोट्यांचे ढीग होते, बायका गच्च्यांवर उभ्या होत्या. मधोमध पळस, त्यावर झेंडा, गढूळ पाणी. कुणाचं तरी डोकं फुटून लोक त्याला आडवं धरून नेत होते आणि नेणारे हसत होते. घामाचा, चिखलाचा, रक्ताचा तोच वास. तो नाकात गेला आणि हेमंतच्या अंगातलं काहीतरी सैल झालं. किती दिवस आपण इकडे आलो नाही, असं त्याच्या मनात आलं, एखाद्या मावशीच्या घरी आल्यासारखं. त्याने एक गोटा उचलला. मुठीत बरोबर बसणारा.

उत्तम पलीकडे अगदी पुढे होता, गुडघाभर पाण्यात. त्याने हेमंतला पाहिलं. आधी त्याला खरं वाटेना. मग त्याने दोन्ही हात वर केले आणि तो ओरडला, "हेमंत! अबे तू? ये ना मंग! ये!" कालचं त्याच्या तोंडावर कुठेच नव्हतं. इतका आनंद झाला होता त्याला.

हेमंतने सर्व ताकदीने गोटा सोडला. एका डोळ्याला लांबी समजत नाही. उत्तम, त्याच्यामागचा काठ, काठावरची माणसं, सगळं एकाच पातळीवर होतं. पण गोटा बोटांतून निघाला आणि हेमंतच्या हाताला समजलं. हा लागतो. आणि तो उत्तमला लागत नाही. गोटा अजून हवेत होता. उत्तमच्या शेजारी पांढरी टोपी घातलेला एक माणूस गोटे वेचायला वाकला होता, तो सरळ होत होता. टोपी उडाली. माणूस बसला, बसल्याजागी आडवा झाला. पाण्याला रंग आला.

उत्तमने त्या माणसाकडे पाहिलं, मग नदीपलीकडे हेमंतकडे. त्याच्या मिशा पसरल्या. "वा रे पठ्ठे!" तो ओरडला. "काय नेम हाय बे!" आणि मग वाकून त्याने त्या माणसाला काखेत हात घालून उचललं.

हेमंतलाही कुणीतरी उचललं होतं. दोघा अनोळखी पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि ती नाचू लागली. तो त्यांच्या डोक्यांवर बुक्क्या मारत होता, सोडा, सोडा म्हणत होता, आणि त्यांना वाटत होतं तो खुशीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात गेला. आदल्या दिवशीच्या जखमींनी व्हरांडासुद्धा भरला होता. पांढऱ्या टोपीवाल्याचं नाव भिवाजी. उत्तमच्या घराशेजारचा, पन्नाशीचा, मळ्यात राबणारा. डोक्याला टाके पडले होते, तोंड सुजलं होतं, पण शुद्धीवर होता. उत्तम त्याच्या खाटेवर बसून त्याला बशीतून चहा पाजत होता.

"भिवाजी, हा पाह्य कोन आला," उत्तम म्हणाला. "माह्या पार्टनर. हेमंत."

"माह्या गोट्यानं लागलं तुमाले," हेमंत म्हणाला.

भिवाजीने सुजल्या डोळ्यांनी त्याला नीट पाहिलं आणि हसला. "बरं झालं सांगतलं. नाहीतर कोनाचा होता ते समजतच नाही कधी. राग नाही जी माह्या. खेळ हाय." मग बोट वर करून त्याने विचारलं, "तुमच्या डोयाले काय झालं?"

"गिल्ली," उत्तमने परस्पर उत्तर दिलं. "लहानपनी."

"गोटमार," हेमंत म्हणाला. "झाडावर होतो. पिवळा सदरा होता."

बशी उत्तमच्या हातातच होती. ती कलून चहा चादरीवर सांडला, भिवाजी अरे अरे म्हणाला. उत्तमला ऐकू गेलं नसावं. दोन वर्षांत तो हेमंतच्या डाव्या डोळ्याकडे सरळ कधी पाहत नसे, सभ्यपणाने बाजूला बघायचा. आता तो बघत होता. तो डोळा, त्यावरची भुवई, तिच्यात अडकलेला पांढरा व्रण. मग त्याने बशी खाली ठेवली आणि तो बाहेर गेला.

हेमंत मागोमाग गेला. पायऱ्यांखाली कडुलिंबाच्या झाडाशी उत्तम उभा होता. "परवा सांगतलं मी तुले," तो म्हणाला. "हसत हसत सांगतलं. तवाच काहून नाही मारलं मले?" लगेच पुढे म्हणाला, "काल तो गोटा माह्यासाठीच होता ना?"

"हो."

"मंग मार आता. मी हलत नाही."

हेमंत वळला. फाटकापर्यंत गेला. तिथे एक बाई टांग्यातून कुणाला तरी उतरवत होती. तो परत आला आणि त्याने उत्तमच्या तोंडावर ठोसा मारला. मग दुसरा. ओठ फुटला, नाकातून रक्त आलं, उत्तमचे हात बाजूला लोंबतच राहिले. हेमंत मारत राहिला, बोटांची हाडं दुखेपर्यंत. त्याला वाटत होतं आता हे संपेल, पुढच्या ठोशात संपेल. व्हरांड्यातली माणसं धावली. चौघांनी त्याला धरलं.

"सोडा त्याले," उत्तम म्हणाला. त्याचे शब्द जड झाले होते. "आमचं दोघायचं हाय."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हात सोडले. हेमंत धापा टाकत होता. उत्तम लिंबाला धरून खाली बसला, रक्त थुंकला आणि मान वर करून त्याने विचारलं, "अजून हाय राग?"

हेमंतने स्वतःच्या आत पाहिलं. खोटं बोलावं असं त्याला वाटलं. "हाय," तो म्हणाला.

उत्तमने बाहीने तोंड पुसलं, झाडाला धरून उठला आणि पुन्हा त्याच्यासमोर सरळ उभा राहिला.